आधी ताट, मग पाठ

परवा रात्री पुण्याहून नातीचा फोन आला. ही माझ्या थोरल्या भावाची नात, म्हणजे माझीही नातच. कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. "आजोबा, बाबासाहेबांनी मार्क्सला स्वीकारलं की नाकारलं? उद्या वर्गात बोलायचंय. एका वाक्यात सांगा."

आता 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असले प्रश्न आयुष्यभर मीच काढले आणि मीच तपासले. प्रत्येकी एक गुण! त्यामुळे तिच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. तरी म्हटलं, "बाळ, हा एका गुणाचा प्रश्न नाही गं." ती हसून म्हणाली, "मग सविस्तर लिहा ना ब्लॉगवर. मी वाचेन."

म्हणून हा पसारा. घरच्या मंडळींना यात ओळखीची माणसं भेटतील. एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती वाचून रागवायचं असेल त्यांनी खुशाल रागवावं.

आमचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत. खोली एक, माणसं आठ. दारासमोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेब. त्याच भिंतीवर खिळ्याला आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, कापडी पिशवी लटकलेली असे आणि तिच्यात लाल बावट्याच्या युनियनची पावती. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात हे मला लहानपणी ठाऊकच नव्हतं. एकाच भिंतीवर दोघींचा संसार सुखाने चालला होता.

आबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गिरणीत सूतकताईच्या खात्यात लागले. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. कारण ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागत. सवर्ण कामगार म्हणत, अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा? मालक एक, भोंगा एक, घाम एकच, पण धोट्यावर सोवळं! 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. सगळे कामगार एक असतील तर हे दार आम्हाला बंद का, हा त्यांचा मुद्दा साधा होता.

म्हणून बाबासाहेब कामगारांच्या लढ्यापासून दूर गेले असं मात्र नाही. 1936 मध्ये त्यांनी पक्ष काढला त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ते म्हणाले, कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला. त्यात त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. आबा तेव्हा विशीत होते. तो दिवस त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला की आम्हीच त्या संपाला गेलो होतो असं वाटायचं.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळीच असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आबा त्या गर्दीत होते. मी पाच वर्षांचा. रात्री उशिरा ते घरी आले, न जेवता भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवसापासून घरातले जुने देव गेले. युनियनची पावती मात्र पिशवीत तशीच राहिली.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो.

नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा घेतल्यावर बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि 20 नोव्हेंबरला तिथे बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. पुढे सोळाच दिवसांनी ते गेले. मधुमेहाने शरीर पोखरलेलं, पण आशियातल्या बौद्धांपुढे बोलायला त्यांनी हाच विषय घेतला. काळही बघा. त्याच महिन्याच्या 4 तारखेला रशियाचे रणगाडे हंगेरीत बुडापेस्टमध्ये शिरले होते. मार्क्सच्या नावाने काय काय होऊ शकतं हे जग बघत होतं.

याच विषयावरचा त्यांचा 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंध मराठीतही मिळतो, छोटासाच आहे. त्यात ते मार्क्सला झाडून टाकत नाहीत. समाजवाद अटळ आहे, कामगार दिवसेंदिवस कंगालच होत जाणार, ही भाकितं काळाने खोटी ठरवली असं ते सांगतात. मग आग विझल्यावर राखेत जे निखारे उरतात ते वेचून दाखवतात. तत्त्वज्ञानाचं काम जग बदलण्याचं आहे. वर्गावर्गांत हितसंबंधांचं भांडण आहे. खाजगी मालमत्ता एकाला सत्ता देते आणि दुसऱ्याला दुःख. ते दुःख घालवायचं तर ती मालमत्ता जायला हवी. एवढं शिल्लक उरतं, आणि ते थोडं नाही असं त्यांचं म्हणणं.

पुढे ते दाखवतात की हे सारं बुद्धांकडेही आहे. दुःख या शब्दाच्या जागी शोषण वाचा, म्हणजे दोघे फार लांब नाहीत. भिक्खूला जवळ काय काय ठेवता येई? तीन चीवरं, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं. आठ वस्तू. यापेक्षा कडक साम्यवाद कुठे आहे? आणि तो हुकूमशाहीशिवाय उभा राहिला. फरक मार्गात आहे. एकाचा मार्ग बळाचा आणि हुकूमशाहीचा, दुसऱ्याचा माणसाचं मन पालटण्याचा. हुकूमशाही उठली की मागे काय उरणार, हा बाबासाहेबांचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा मी वर्गात इतिहास शिकवत होतो. तो प्रश्न मला त्या दिवशी पुन्हा आठवला.

इथपर्यंतचं उत्तर कुठल्याही गाईडात मिळेल. आता गाईडात नसलेलं.

1972 मध्ये दलित पँथर निघाली. 1973 च्या तिच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया असे सगळे पिळले जाणारे लोक धरले होते. यावरूनच पुढे वाजलं. 1974 मध्ये राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. एकीकडे बुद्ध, दुसरीकडे मार्क्स, अशी वाटणी लोकांनी करून टाकली. ती आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीतही झाली. मी नुकताच मास्तर झालो होतो. मी ढाल्यांच्या बाजूचा, दादा ढसाळांच्या. दादा तोपर्यंत गिरणीत विणकाम खात्यात लागला होता. जे दार आबांना बंद होतं त्याच दारातून दादा रोज पाळीला जायचा. दार कुणी उघडलं यावरही आम्ही भांडायचो. मी म्हणायचो, बाबासाहेबांनी. तो म्हणायचा, बाबासाहेबांनी आणि युनियनने. आबा म्हणायचे, "झोपा आता, माझी पहिली पाळी आहे."

त्या भांडणात माझ्याजवळ एक हुकमी पत्ता असायचा. 1969 मध्ये दादाचं लग्न झालं. दादाच्याच खात्यातले एक कॉम्रेड लग्नाला आले. दादाचे जिवलग. त्यांनी हार घातला, जगातल्या कामगारांवर छान भाषणही केलं. पानं मांडली तेव्हा हात जोडून म्हणाले, "माझा आज उपास आहे." लग्न रविवारचं होतं, आणि रविवारी उपास करणारा कॉम्रेड मी तरी दुसरा पाहिलेला नाही. दादाने बाजू सावरली, "त्याची आई गावाहून आलीय रे, तिला कळलं तर..." मी कित्येक वर्षं दादाला ऐकवत राहिलो, तुझा वर्ग आमच्या पानापर्यंत येऊन थांबतो! तो गप्प बसायचा.

मग 1982 साल आलं. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. दत्ता सामंत काही कम्युनिस्ट नव्हते, पण दादा लाल बावट्याचा असूनही सगळ्यांबरोबर उतरला. पहिले दोन-तीन महिने जोर होता. पावसाळ्यात भांडी विकायला निघाली. दिवाळी आली तशी गेली. मी तेव्हा लग्न होऊन उपनगरात राहायला गेलो होतो. मास्तरचा पगार फार नसला तरी एक तारखेला हातात पडायचा.

एका संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. आबाही तेव्हा माझ्याकडेच होते. दादाने काही मागितलं नाही. पण संपातला माणूस संध्याकाळी सहा स्टेशनं ओलांडून धाकट्या भावाकडे कशाला येतो, हे न कळायला मी काही लहान नव्हतो. पन्नास रुपये काढून त्याच्यासमोर ठेवले. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मास्तर तो मास्तर. मी सुरू झालो. "दादा, सगळ्या दुःखाचं मूळ तृष्णा आहे. आणखी हवं, आणखी हवं, याला अंत नाही. बोनस वाढला की पुन्हा पगार वाढायला हवा. आधी आपण आपल्या मनातली आसक्ती कमी करायला हवी..." अर्धा तास तरी बोललो असेन. अष्टांगिक मार्ग पुरा केला.

दादा खाली मान घालून ऐकत होता. मध्येच आबा कोपऱ्यातून म्हणाले, "मास्तर, आधी ताट वाढा. मग पाठ घ्या." मला ते 'अहो मास्तर' म्हणायचे तेव्हा समजायचं की आबा संतापलेत.

बायकोने घाईने ताट केलं. दादा म्हणाला, "नको वहिनी, जेवून आलोय." आणि उठला. पन्नासची नोट टेबलावर तशीच राहिली. त्यानंतर दोन-अडीच वर्षं आम्ही बोललो नाही. नातेवाईक मंडळी समजत होती की आमचं पँथरवरून बिनसलं. तसं नव्हतं. हे होतं.

पुढची गोष्ट मला वहिनीकडून कळली, तीही फार उशिरा. त्याच महिन्यात ते उपासवाले कॉम्रेड दादाकडे आले होते. संपात तेही तितकेच पिचलेले. गावाहून आलेल्या तांदळातलं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, भात टाका, आज इथंच जेवणार." मांडी घालून जेवले. म्हणजे 1969 मध्ये जो जेवला नाही तो जेवला, आणि ज्याने वाढायचं त्या भावाने व्याख्यान दिलं.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तसे मी पाली ग्रंथांचे अनुवाद वाचू लागलो. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक गोष्ट आहे. भगवान बुद्ध तिथे उपदेशासाठी गेले. गावातल्या एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो दिवसभर रानात बैल शोधत फिरला आणि उपाशीपोटीच उपदेश ऐकायला आला. बुद्ध त्याच्यासाठी न बोलता थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवायला घालायला लावलं, आणि त्याचं पोट शांत झाल्यावर मग धर्म सांगितला. भिक्खू कुजबुजले तेव्हा त्यांनी समजावलं, भुकेने तळमळणाऱ्याला धर्म कळत नाही.

पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. आबांनी ही गोष्ट वाचलेली असणं शक्य नव्हतं. ते चौथी शिकलेले. पण मी, घरात बुद्धावर व्याख्यानं देणारा बी.ए., मला बुद्ध कळला नव्हता आणि त्यांना कळला होता.

पुढे दीघनिकायात आणखी सापडलं. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात एक राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढतं, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रं, शस्त्रांतून हत्या. कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो, लुटारूंना मारून लूट थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला नीट वेतन दे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतलं हे बोलणं आहे. मग मी दादाला कुठला बुद्ध सांगत होतो?

आज मला वाटतं, तृष्णेचा पाठ खरा होता, पण मी तो चुकीच्या विद्यार्थ्याला दिला. नंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. तृष्णा बघायची असेल तर लोअर परळला जाऊन वर बघावं. ती दोन वेळच्या भाकरीसाठी संपावर गेलेल्या विणकराची नव्हती. मार्क्स विचारतो, तुझा वाटा कुणी घेतला? बुद्ध विचारतात, तुझ्या मनात काय चाललंय? दुसरा प्रश्न विचारून पहिला दडपून टाकला, की धम्म म्हणजे पोट भरलेल्याने उपाश्याला दिलेला सल्ला होऊन बसतो. तसाच पहिल्यावर थांबून दुसरा कधी विचारलाच नाही, तर रविवारचा उपास निघतो, किंवा बुडापेस्टमध्ये रणगाडे.

आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते आबांच्या आजारपणात. मग 1994 मध्ये दोघे नाशिकला गेलो आणि पांडवलेणी चढलो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. शाळेच्या सहलीत मी तो मुलांना सांगत असे, तोच दादाला सांगितला. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवराचा खर्च.

दादा धोट्यावर आयुष्य घालवलेला माणूस. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे तुझ्या भिक्खूकडे आठच वस्तू होत्या हे खरं. पण त्यातल्या तीन माझ्या खात्यातून यायच्या." मी त्या दिवशी वाद घातला नाही. त्याच्या बोलण्यात खोट कुठे होती? संघात मालमत्ता नव्हती, पण संघाबाहेर ती होतीच, आणि संघ तिच्यावर चालत होता. शिवाय भिक्खूंना पोरंबाळं नव्हती. संसारी माणसांचा संघ कसा बांधायचा, हे कोडं दोघांच्याही वाटेत अजून तसंच पडलंय.

हेच एका अव्वल अभ्यासकाने फार आधी मांडून ठेवलंय. दामोदर धर्मानंद कोसंबी. कार्ल्याची, जुन्नरची लेणी व्यापारी मार्गांना धरून का आहेत, हे त्यांनी डोंगर तुडवून शोधलं. ते पक्के मार्क्सवादी, आणि वडील धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. गोव्याच्या साखवाळहून बुद्धाच्या शोधात घर सोडून निघालेला हा माणूस थेट नेपाळ, सिंहलद्वीपापर्यंत गेला. पुढे अमेरिकेत हार्वर्डला असताना समाजवाद वाचला, 1929 मध्ये लेनिनग्राडला जाऊन आला, आणि आमच्या गिरणगावात परळला बहुजन विहार उभा केला. वडिलांनी बुद्धाकडून समाजवादाकडे पाहिलं, मुलाने मार्क्सच्या भिंगातून बुद्धाकडे. एका घरात दोन्ही नांदू शकतं, याला आमच्या भिंतीपेक्षा भक्कम पुरावा हवा असेल त्यांनी हे दोघे वाचावेत.

दादा 2009 मध्ये गेला. पन्नासच्या नोटेचा विषय त्याने कधीच काढला नाही, आणि मलाही काढता आला नाही. नाशिकला धर्मशाळेत जेवताना त्याने स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली होती. मी ती माफी समजलो. तसं नसेलही, त्याला भूक कमी असेल.

तर बाळ, तुझं एका वाक्यातलं उत्तर असं लिही: बाबासाहेबांनी मार्क्सचा प्रश्न मान्य केला, त्याचा मार्ग नाकारला आणि बुद्धांचा मार्ग धरला. एक गुण मिळेल.

पण तू मला विचारलंस म्हणून आणखी सांगतो. तुला तुझे आजोबा फारसे आठवत नसतील, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. त्यांना मी एकदा उपाशीपोटी धम्म ऐकवला होता. बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर वर्गात जे बोलायचं ते बोल, पण समोरचा जेवलाय की नाही हे आधी विचारत जा.

असो. लेख लांबला. दिवाळीत पुण्याला येतोय, तेव्हा उरलेलं बोलू.